होडीसारखं बुजवलेलं घर

नाव: अवातिफ अब्बास शलबी. गल्लीत मला मुलाच्या नावाने 'रिदाची आई' म्हणतात. वय: एकसष्ट, असे ओळखपत्रावर आहे. धंदा: मासेमारीची जाळी दुरुस्त करणे. राहणार: दुसरा मजला, होड्यांच्या कारखान्यामागची गल्ली, अन्फूशी, अलेक्झांड्रिया.

ठाण्यातून बोलावणे आल्यावरून मी आज स्वतः हजर झाले आहे. कोणी शिकवून पाठवलेले नाही. विचारल्यावरून सांगते की,

आमच्या घरमालकीणबाईंचे चिरंजीव श्री. इहाब यांनी माझे पती व इतर भाडेकरू यांच्याविरुद्ध दिलेली तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. तिच्यात दोन गोष्टी आहेत. एक, आम्ही परवानगी न घेता घराचा दर्शनी गिलावा फोडून इमारतीचे नुकसान केले. दोन, गेल्या शुक्रवारी आम्ही दाराच्या दोन्ही बाजूंना रक्ताने माखलेले पंजे उमटवून त्यांना जिवे मारण्याची धमकी दिली. पुरावा म्हणून त्यांनी एका पंजाचा फोटो जोडला आहे. तो मी पाहिला. फोटो चांगला आला आहे.

रक्ताबाबत सांगते की, रक्त मेंढ्याचे आहे. मेंढा शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर आमच्या दारासमोर कापला. नवी होडी पाण्यात सोडली, नवी गाडी घेतली, कोणी आजारातून उठले, की मेंढा कापायचा आणि दृष्ट लागू नये म्हणून रक्ताचा पंजा मारायचा, ही आमच्याकडची रीत आहे. श्री. इहाब यांना ती माहीत नाही असे नाही. त्यांच्या गाडीच्या मागच्या दारावर गेल्या ईदपर्यंत असाच पंजा होता. त्यांच्या ड्रायव्हरला विचारावे. त्याच ड्रायव्हरने शुक्रवारी आमच्याकडून मटणाची पिशवी नेली आणि 'चरबी जरा जास्त घाला' असेही म्हणाला. हे लिहावे.

मेंढा कशासाठी कापला असे विचारण्यात आले. त्यासाठी मला थोडे मागून सांगावे लागेल.

घर तीन मजल्यांचे, दगडी, चुन्यात बांधलेले आहे. समुद्र इतका जवळ की हिवाळ्यातल्या वादळात वाळत घातलेले कपडे खारे झाल्याशिवाय सुकत नाहीत. माझे पती उस्ता खमीस हे लाकडी होड्यांच्या फटी बुजवणारे कारागीर आहेत. फळीला फळी भिडते तिथे तेलात भिजवलेली कापसाची वात छिनीने आत ठोकायची, वर जवसाच्या तेलात मळलेली लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, त्यावर डांबर. त्यांनी बुजवलेली होडी हंगामभर खोल पाण्यात राहिली तरी तळाशी पेलाभर पाणी जमत नाही. हे मी कौतुकाने सांगते आहे, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात कौतुक कमी आहे.

आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी भेग पडली. खाऱ्या वाऱ्याने इकडे सगळ्यांच्याच घरांना पडते. दुसऱ्या कोणी गवंडी बोलावला असता. यांनी आपली पेटी उघडली. भेग छिनीने रुंद केली, वात ठोकली, लांबी भरली, डांबर फासले आणि वरून चुना मारला. मला म्हणाले, "बघ, आता एक थेंब आत यायचा नाही." मी नवी नवरी. मला वाटले, काय गुणी नवरा मिळाला आहे.

त्यानंतर दरवर्षी हिवाळा सरला की हे कमरेला दोर बांधून भिंतीवर. जुन्या भेगेशेजारी नवी भेग, तिच्यात नवी वात. बाहेरून झाले की आतून. आमच्या निजायच्या खोलीतली भेग त्यांनी एका वर्षी इतक्या जोराने बुजवली की पलीकडच्या बिऱ्हाडाची फोटोची चौकट खाली पडली. शेजाऱ्यांनीही कधी नको म्हटले नाही. दर्यावर पोट असलेल्या माणसांची गल्ली आहे, फट दिसली की ठोकून बुजवायची, याहून वेगळे काही आमच्या डोक्यात येत नाही. उन्हाळ्यात तेल आणि डांबर चुन्यातून झिरपायचे. भिंतीवर वरपासून खालपर्यंत काळे ओघळ दिसायचे. आम्हाला त्याचे काही वाटत नसे.

दोन वर्षांपूर्वी श्री. इहाब यांनी 'घर पडणार आहे' असे सांगून आपल्या आईला, म्हणजे मालकीण हाज्जा दौलत यांना, तिसऱ्या मजल्यावरून उचलून स्मूहामधल्या स्वतःच्या फ्लॅटवर नेले. तेव्हापासून ते अधूनमधून गल्लीत येत. त्यांच्या फोनमध्ये एका टॉवरचे चित्र असे. खाली दुकाने, वर काचा. आमच्या घराच्या जागी तो कसा शोभेल हे ते चहावाल्यालाही दाखवत. एकदा मी दारात जाळे घेऊन बसले होते तेव्हा मला म्हणाले, "मावशी, तुम्ही लोक असा जीव मुठीत धरून का राहता?" मी म्हणाले, "मुठीत जीव नाही बाळा, सुई आहे. जरा उजेडातून बाजूला हो."

या उन्हाळ्यात त्यांच्या अर्जावरून पाहणी झाली. नगरपालिकेच्या इंजिनियर शाहिनाझबाई आल्या. त्यांना बाहेर बोट जाईल अशा काळ्या भेगा दिसल्या, आत त्याच रेषेत दुसऱ्या दिसल्या. घर धोक्याच्या यादीत गेले. रिकामे करून पाडावे, असा कागद दाराला चिकटला. आम्हा तिन्ही बिऱ्हाडांना जी पर्यायी घरे सांगण्यात आली ती शहराबाहेर वाळवंटाच्या कडेला आहेत. तिथे मासा डब्यातून येतो. माझे पती होड्यांपर्यंत रोज कसे येणार, असे मी ती घरे सांगायला आलेल्या सरकारी माणसाला विचारले. तो म्हणाला, बस आहे. मला ही गल्ली सोडायची नव्हती. मला दुसरीकडे कुठेही मरायचे नव्हते. हे जसेच्या तसे लिहावे.

मी शाहिनाझबाईंच्या कचेरीत गेले. त्या म्हणाल्या, "बाई, मी दिसलं ते लिहिलं. माझ्या जागी तुम्ही असता तर?"

"मीही तेच लिहिलं असतं. पण तुम्ही गिलावा पाहिलात, भिंत नाही. मुलगी बघायला आलात आणि बुरखा बघून परत गेलात."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग बुरखा उतरवा. भिंत मला उघडी दाखवा. दगड अखंड निघाला तर मी स्वतः यादीतून नाव काढेन, आणि माझी चूक झाली असंही लिहीन. पण दगडाला तडा निघाला, तर त्याच दिवशी सगळ्यांनी सामान घेऊन खाली उतरायचं. रडारड नाही, ओळखीपाळखी नाहीत. बोला."

"कबूल."

घरी येऊन मी इतर दोन बिऱ्हाडांना सांगितले की मी त्यांच्याही वतीने कबूल होऊन आले आहे. त्यावर तिथे जे बोलणे झाले त्याचा या जबाबाशी संबंध नाही.

गिलाव्याच्या कामासाठी रईस, म्हणजे मुकादम, बखीत याला बोलावले. तो सईदी, म्हणजे दक्षिणेकडच्या वरच्या इजिप्तचा, सोहागकडचा आहे. चुन्याच्या कामात आपल्यासारखा माणूस नाईल नदीच्या दोन्ही काठांवर नाही, असे तो स्वतः सांगतो, आणि जेवणाआधी एकदा व जेवणानंतर एकदा सांगतो. त्याने भिंतीवर थापीच्या मुठीने ठोकून पाहिले. बऱ्याच ठिकाणी गिलावा पोकळ बोलला. मग एका काळ्या भेगेत त्याने दोन बोटे घातली आणि वात बाहेर ओढली. ती नाकाशी धरली.

"आवं बाई, ह्ये काय? भिंतीतनं दिव्याची वात निघाली. पेटवू का?" मग आणखी ओढली. "आरं देवा. ह्ये घर हाय का गलबत? आन शिडं कुठं लपवून ठिवलीत?"

गल्ली हसली. माझे पती खाली खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "ए सईदी, तोंड सांभाळ. चाळीस वर्षं या भिंतीतून एक थेंब आत आलेला नाही."

"थेंब आत आला न्हाई, ह्ये खरं हाय उस्ता. पन आतली ओल भाईर बी गेली न्हाई. लाकूड पानी पिऊन फुगतंय आन आपली फट आपून मिटवतंय. दगूड फुगतोय का? फुगली ती तुजी वात. तिला जागा पायजे म्हनून तिनं गिलावा ढकलला. तू पुन्यांदा ठोकलीस, तिनं पुन्यांदा ढकलला. ही भेग समिंदरानं पाडली न्हाई, उस्ता. तू पाडलीस."

या वेळी कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. माझे पती उठले, खुर्ची मिटून आत ठेवली आणि होड्यांच्या कारखान्याकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशीही ते भिंतीकडे फिरकले नाहीत. मी तळलेले बोय मासे आणि भात घेऊन कारखान्यात गेले. ते एका उलट्या होडीला टेकून बसले होते. मला बखीतचा राग आला होता, आणि तो बरोबर बोलला म्हणून जास्त राग आला होता.

"अहो, जेवा. त्याचं खरं असेल तर घर वाचतंय, आणि तुम्ही तोंड फुगवून बसलात."

"मी घर राखत होतो गं."

"राखत होतात म्हणूनच ठोकत होतात ना? ज्याला घराची पर्वा नसते तो चाळीस वर्षं दोराला लटकत नाही."

हे मी त्यांना याआधी कधी म्हटले नव्हते. ते जेवले.

इकडे बखीतची वेगळीच पंचाईत झाली होती. जुनी लांबी वाळून दगडाहून कठीण झाली होती. तो हातोडा मारी तेव्हा लांबी जागेवर राही आणि शेजारच्या दगडाची कड उडे. असेच चालले असते तर शाहिनाझबाईंना दाखवायला आमच्याच हाताने पाडलेले तडे तयार झाले असते. तो आवाज कारखान्यापर्यंत जात होता. दुपारनंतर माझे पती पेटी घेऊन गल्लीत आले.

"थांब. दगडाचं तोंड फोडतोयस. लांबी अशी काढतात होय?"

"मंग कशी काढत्यात? तूच सांग, भरलीस तू."

"तू खाली उतर."

बखीत परांचीवरून उतरला. तोंडाने काही बोलला, ते सईदी भाषेतले असल्याने मला कळले नाही. पतींनी पेटीतून वाकडा लोखंडी आकडा काढला. जुन्या होडीतली कुजलेली वात ते याच आकड्याने काढतात. आकडा तव्यावर तापवायचा, लांबीच्या कडेने फिरवायचा, ती मऊ झाली की खाली सरकवून ओढायचे. दगडाला ओरखडासुद्धा नाही. बखीतने ते पाहिले आणि डोक्याचा पंचा काढून पुन्हा बांधला. "उस्ता," तो म्हणाला, "तू वाटोळं बी लई झ्याक केलंस, आन निस्तरतोस बी लई झ्याक." माझे पती वरून म्हणाले, "चहा पाठव आणि गप्प बस." त्यानंतर दोघांचे जमले. कामभर ते एकमेकांशी एक धड शब्द बोलले नाहीत, पण एकाने दुसऱ्याशिवाय चहाही घेतला नाही.

सर्वांत रुंद भेग जिन्याच्या कोपऱ्यावर होती, गच्चीपासून दाराच्या चौकटीपर्यंत. ती आम्ही शाहिनाझबाईंसमोर उघडायची ठेवली होती. त्या सकाळी आल्या. श्री. इहाब हेही आले. सोबत टॉवर बांधणारे गृहस्थ होते. त्यांनी काळा चष्मा लावला होता आणि गल्लीच्या रुंदीची पावले मोजत होते. मी माझ्या बिऱ्हाडातली दोन गाठोडी बांधून दारात आणून ठेवली होती. शब्द दिला होता, तर तयारी असावी. इतर बायकांनी माझी गाठोडी पाहिली आणि त्याही आत जाऊन बांधाबांध करू लागल्या.

पती गच्चीजवळच्या फळीवर चढले. आकडा घातला आणि ओढायला सुरुवात केली. वात तुटली नाही. ती वरून सुटत खाली येऊ लागली, काळी, मनगटाएवढी जाड, थरावर थर ठोकून एकजीव झालेली. ते एक एक फळी खाली उतरत होते आणि वात त्यांच्यामागे भिंतीतून निघत होती. पोरांनी तिचे खालचे टोक धरले आणि जाळे ओढताना देतात तसा एका सुरात आवाज देऊ लागले, मग मोठी माणसेही देऊ लागली. शेवटचा तुकडा दाराच्या चौकटीपाशी निघाला तेव्हा तिचे दुसरे टोक गल्लीच्या तोंडाशी होते. बखीत म्हणाला, "एवढ्यात तर समद्या गावाच्या होड्या बुजल्या आस्त्या."

शाहिनाझबाई बूट काढून परांचीवर चढल्या. त्यांनी ओल्या फडक्याने रिकामी खाच पुसली. पातळ पोलादी पट्टी तिच्यात घातली. पट्टी गिलाव्याच्या जाडीइतकी आत गेली आणि अडली. त्यांनी वर घातली, अडली. खाली घातली, अडली. दगड अखंड होता. दगडांमधला चुनाही अखंड होता. त्या आत गेल्या आणि आमच्या निजायच्या खोलीतली भेग त्यांनी अशीच पाहिली. तिथेही पट्टी अडली. मग स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी मात्र त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. तिथल्या आडव्या दगडाला खरा तडा होता.

श्री. इहाब खालून ओरडले, "पाहिलंत ना? मी काय सांगत होतो?"

"पाहिलं," शाहिनाझबाई म्हणाल्या. "खिडकीवरचा एक दगड गेलाय. तो बदला. एका दातासाठी जबडा काढत नाहीत."

यावर बायकांनी गच्च्यांवरून, लग्नात करतात तसा, जीभ हलवून गजर केला. टॉवरवाले गृहस्थ पावले न मोजताच परत गेले. मी माझी दोन गाठोडी उचलून वर नेली. जिन्यात कोणी नव्हते. तिथे मी रडले. हे लिहिले तरी चालेल.

दुरुस्तीबाबत विचारले म्हणून सांगते. खिडकीवरचा दगड बदलला. सगळा पोकळ गिलावा उतरवला, जो घट्ट होता तो ठेवला. तेल प्यालेले सांधे खरवडून धुतले. मुरवलेला चुना आणि धुतलेली वाळू, यात सिमेंट मूठभरही नाही. बखीत म्हणे, सिमेंट म्हणजे तुझ्या नवऱ्याचं डांबरच, फक्त रंग निराळा. आधी भिंत भिजवायची, मग पहिला थर, तो घट्ट झाला की दुसरा, वर गोणपाट ओले करून टांगायचे म्हणजे वारा त्याला घाईने सुकवणार नाही. भिंत भिजवण्याचे काम माझ्या पतींनी मागून घेतले. जन्मभर पाण्याला बाहेर ठेवलेला माणूस सकाळ-संध्याकाळ भिंतीला पाणी पाजत होता. एकदा मी त्यांना भिंतीशी बोलताना ऐकले. काय बोलत होते ते सांगणार नाही. आतल्या खोल्यांना बारीक चुन्याचा हात दिला. आमच्या खोलीत बखीतने शेवटचा हात इतका गुळगुळीत घोटला की मी त्याला म्हणाले, "रईस, आता माशी बसली तर घसरेल." तो म्हणाला, "बसू दे. पडली तर माज्याकडं पाठव."

नोव्हेंबरातले वादळ यायच्या आत काम संपवणे भाग होते. त्याला आम्ही 'झाडूवाली' म्हणतो, कारण ती सगळे झाडून नेते. ती आली. गल्लीत गुडघाभर पाणी साचले, कारखान्याचे पत्रे उडाले. माझे पती रात्रभर भिंतीला कान लावून बसायला निघाले होते, त्यांना मी ओढून झोपवले. वादळ सरल्यावर भिंत बाहेरून ओली होती, आणि ऊन लागताच आपली आपण सुकली. आत डाग नाही. ओघळ नाही. बुधवारी शाहिनाझबाई आल्या, आतल्या भिंतीवर हात फिरवला, मग हाताच्या पाठीने फिरवला. त्यांनी आमच्या घराचे नाव यादीतून काढले आणि दारावरचा कागद स्वतः फाडला. मेंढा याच्यासाठी कापला. नवस माझ्या पतींचा होता. तो त्यांनी कधी बोलला हे मला शुक्रवारपर्यंत माहीत नव्हते.

आता परवानगीबाबत. घर हाज्जा दौलत यांच्या नावावर आहे. श्री. इहाब फक्त कारभार पाहतात. गिलाव्याला हात लावण्याआधी मी स्मूहाला हाज्जांकडे गेले होते. मुलगा बाहेर होता. मी खारवलेला मासा नेला होता, कारण त्या घरात वास येतो म्हणून त्यांना तो खाऊ देत नाहीत. त्यांनी मला विचारले, "पोरी, अर्धं घर पडलं म्हणे? इहाब सांगत होता."

मी म्हणाले, "हाज्जा, तुमच्या गच्चीवरच्या कबुतरांना मी रोज दाणे टाकते. घर पडलं असतं तर ती काय हवेत बसली असती?"

त्यांनी मासा खाल्ला. बोटे पुसली. मग म्हणाल्या, "फोडा. वरपासून खालपर्यंत फोडा. तो दगड माझ्या सासऱ्यांनी मेक्सच्या खाणीतून एक एक निवडून आणलाय. माझ्या पोरापेक्षा मी त्या दगडाला जास्त ओळखते." त्यांची मोलकरीण तिथे होती. तिलाही विचारावे.

आता फोटोबाबत. तक्रारीत म्हटले आहे की सदर पंजा ठळक, दाराला अगदी लागून आणि 'विशेष त्वेषाने' मारलेला आहे, आणि तो कोणाचा आहे याचा पोलिसांनी शोध घ्यावा. त्यावर सांगते की शोध घेण्याची गरज नाही. मी तिथे उभी होते. मेंढा कापला त्याच वेळी गल्लीत टॅक्सी आली. तिच्यातून हाज्जा दौलत उतरल्या. पायात घरातल्या सपाता होत्या. मी धरायला गेले तर म्हणाल्या, "मला कोणी धरू नका." त्यांनी नव्या गिलाव्यावर आधी गाल टेकवला. मग मनगटापर्यंत हात रक्तात बुडवला आणि दाराशेजारी असा मारला की माझ्या ओढणीवर शिंतोडे उडाले. फोटोत अनामिकेच्या मुळाशी जी गोल कोरी खूण दिसते ती त्यांच्या लग्नाच्या अंगठीची आहे. म्हणजे श्री. इहाब यांनी ज्या पंजापासून जिवाला धोका आहे असे लिहून दिले आहे, तो त्यांच्या आईचा आहे. आई मुलाला जिवे मारील की नाही हे मी सांगू शकत नाही. शुक्रवारी त्यांचा चेहरा पाहून मला खात्री नव्हती.

इथे साहेबांनी लेखन थोडा वेळ थांबवायला सांगितले. लेखन पुन्हा सुरू.

हाज्जा शुक्रवारी परत गेल्या नाहीत. त्यांनी तिसऱ्या मजल्याची आपली खोली उघडायला लावली, भिंतीला हात लावून कुठे कुठे नवा गिलावा आहे ते विचारले, आणि बखीतला म्हणाल्या, "तुझा हात चांगला आहे, तोंड फार चालतं." तक्रार शनिवारी झाली. तेव्हा ती रक्तामुळे झाली की आईमुळे, हे साहेबांनी ठरवावे. हाज्जा दौलत आत्ता बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्यांनाही जबाब द्यायचा आहे. त्यांना जिना चढवत नाही असे शेजारच्या खोलीत श्री. इहाब सांगत होते ते मी ऐकले. इथल्या ठाण्याचा जिना त्या आमच्या आधी चढल्या.

याखेरीज मला काही सांगायचे नाही.

माझा हा जबाब लेखनिकांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या पत्त्यापुढे त्यांनी तक्रारीतून उतरवून 'धोकादायक इमारत' असे दोन शब्द जास्त लिहिले होते. ते मी माझ्यासमोर खोडायला लावले आणि खोडलेल्या जागी साहेबांची सही घेतली. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: अवातिफ अब्बास शलबी